म्हैसूरची वाट आणि वाटेवरचे मुक्काम

हिंदुस्थानी संगीताचा जो इतिहास मराठीत लिहिला गेला आहे, तो बहुतांशी वंशावळीचा इतिहास आहे. अमुक उस्ताद अमुकाचे पुत्र, त्यांची तालीम अमुकाकडे झाली आणि त्यांच्या शिष्यशाखा अमुक, अशा क्रमाने तो चालतो. या पद्धतीचे उपकार मोठे आहेत. तिच्यामुळे घराण्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये नोंदली गेली आणि गुरुऋणाची जाणीव जागी राहिली. तथापि वंशावळीला एका प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. उत्तरेकडील कैराना गावचा एक गायक आणि धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळच्या एका कारकुनाचा मुलगा यांची गाठ मुळात पडली कशी? तालीम सुरू झाल्यानंतरचे सर्व काही वंशावळ सांगते. परंतु तालीम सुरू होण्यापूर्वी कोणी कोणाला कोणाच्या घरी नेले, कोणाच्या शब्दावर कोणाचे गाणे ठरले, गवई कोणाच्या ओसरीवर उतरला, याविषयी ती मौन पाळते.

दुसरी रूढ उपपत्ती राजाश्रयाची आहे. कला राजेरजवाड्यांच्या आश्रयाने वाढली, संस्थाने विलीन झाली आणि कलेचा आधार तुटला, असे तिचे सार. हिच्यातही तथ्य आहे. परंतु केवळ आश्रयाने संबंध जुळत असते, तर दरबार ज्या नगरात होता त्याच नगरात शिष्यशाखा फोफावल्या असत्या. म्हैसूरचे उदाहरण याच्या उलट साक्ष देते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४० पर्यंत म्हैसूरच्या दरबाराने हिंदुस्थानी गायकवादकांचा जेवढा सन्मान केला, तेवढा दक्षिणेतील अन्य कोणत्याही दरबाराने क्वचितच केला असेल. असे असूनही हिंदुस्थानी गायकीने मूळ धरले ते म्हैसुरात नाही. ते धारवाड, हुबळी, कुंदगोळ, बेळगाव आणि मिरज या गावी. हा विरोधाभास नीट न्याहाळला, म्हणजे कलावंतांचे व्यावसायिक संबंध कसे घडत होते याचा उलगडा होऊ लागतो.

१

मराठी मुलूख आणि कर्नाटक यांच्यातील कलेची ये-जा गवयांच्याही आधीची आहे. १८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले आणि त्यांच्याच प्रेरणेने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ही गोष्ट मराठी नाट्येतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. पुढे सांगलीकरांच्या धर्तीवरील मंडळ्या आणि त्यांच्यामागून संगीत नाटकमंडळ्या कर्नाटकाच्या उत्तर भागात सतत फिरत राहिल्या. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ सादर केले, ते स्वतः बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्याच सुमारास म्हैसुरात बसवप्पाशास्त्री कालिदासाचे शाकुंतल कन्नडमध्ये आणीत होते आणि राजवाड्याच्या आश्रयाखालील मंडळी ते रंगवीत होती. एकच संस्कृत नाटक दोन शेजारच्या भाषांत जवळजवळ एकाच वेळी गाऊ लागले, याला केवळ योगायोग म्हणणे अवघड आहे. त्या काळी रंगभूमीच्या हवेला भाषेची वेस नव्हती.

नाटकमंडळ्यांनी मळलेली ही वाट गवयांच्या उपयोगी पडली, आणि रेल्वेने ती पक्की केली. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने त्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पुणे, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी आणि हरिहर ही गावे मीटर गेजच्या रुळांनी बंगळूर-म्हैसूरशी जोडली. या कंपनीच्या नावातच ‘मराठा’ शब्द होता आणि तिचे रूळ मात्र म्हैसूर संस्थानात पोचत होते, ही गोष्ट त्या काळच्या भूगोलाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. मुंबई-पुण्याहून निघालेल्या कलावंताला म्हैसूर हे एका दमात गाठण्याचे ठिकाण नव्हते. मधे उतरावे लागे, साथीदारांची सोय पाहावी लागे, पुढच्या गाण्याची निश्चिती होईपर्यंत थांबावे लागे. या थांबण्यालाच गवयांच्या भाषेत मुक्काम म्हणत.

२

वाटेच्या दक्षिण टोकाला म्हैसूरचा दरबार होता. चामराजेंद्र वडियारांनी विद्वानांना आश्रय देण्याची जी रीत घालून दिली, ती त्यांचे पुत्र चौथे कृष्णराज वडियार यांनी १९०२ मध्ये कारभार हाती घेतल्यानंतर अधिकच विस्तारली. स्वतः अनेक वाद्ये जाणणाऱ्या या राजाच्या पदरी वीणा शेषण्णा, मैसूर वासुदेवाचार्य आणि बिडारम कृष्णप्पा यांच्यासारखे आस्थानविद्वान होते. यांतील बिडारम कृष्णप्पा हे दक्षिण कानड्यातील नंदळिके येथील कोकणीभाषक घराण्यात जन्मलेले. मराठीही त्या दरबाराला परकी नव्हती. १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले टी. आनंदराव हे बडोद्याचे दिवाण राजा सर टी. माधवराव यांचे पुत्र, म्हणजे तंजावरच्या मराठी परंपरेतले गृहस्थ. उत्तरेकडून येणाऱ्या कलावंताला या नगरात आपण अगदीच अनोळखी प्रदेशात आलो आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते.

दसऱ्याच्या उत्सवात येथे गाणे झाले की बिदागी मिळे, शालजोडी मिळे, प्रसंगी पदवी मिळे. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ यांना ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी याच दरबाराने दिली. अब्दुल करीम खाँ यांना ‘संगीतरत्न’ हा किताब येथेच लाभला. आग्रा घराण्याचेच नत्थन खाँ आयुष्याच्या अखेरच्या काळात म्हैसूरच्या आश्रयाला राहिले होते. पदवीचे मोल पैशांत मोजता येत नाही. ती पुढच्या दरबाराच्या दारावर दाखवण्याची सनद असते. एका संस्थानाने सन्मानिलेला गवई दुसऱ्या संस्थानाला बोलवावासा वाटे, आणि ज्याला आधीच दरबारात स्थान आहे त्याचा शब्द नव्याच्या कामी येई. शिफारशीचे हे तंत्र सर्व कलाव्यवसायांत सारखेच असते. त्याची निंदा करण्याचे कारण नाही, परंतु त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. शिफारशीने दार उघडते. दाराआडचा माणूस आपला होतोच असे नाही.

ही मर्यादा गौहरजानच्या अखेरच्या दिवसांत दिसून येते. १९०२ मध्ये कलकत्त्यात जिच्या आवाजाने हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाचे युग सुरू झाले आणि जिच्या तबकड्या घरोघरी पोचल्या, ती गायिका १९२८ च्या ऑगस्टमध्ये म्हैसूरच्या राजवाड्याची गायिका म्हणून नेमली गेली. दरमहा ५०० रुपयांचे वेतन ठरले, राहावयास बंगला मिळाला. १७ जानेवारी १९३० रोजी म्हैसुरातच तिचा अंत झाला. दीड वर्षाच्या या काळात दरबाराने तिला उणे पडू दिले असे म्हणता येणार नाही. परंतु जिची गाणी उभ्या देशाने ऐकली, तिची गायकी पुढे नेणारी शिष्यशाखा म्हैसुरात उभी राहिली नाही. वय, प्रकृती आणि पूर्वायुष्यातील कज्जेखटले ही त्याची कारणे आहेतच. तरीही एक कारण उरते. ती म्हैसुरास पोचली ती कीर्तीच्या बळावर, आणि वाटेवर तिचे मुक्काम झालेले नव्हते.

३

अब्दुल करीम खाँ यांची कथा याहून वेगळी आहे. १८७२ मध्ये कैराना येथे जन्मलेला हा गायक बडोद्याच्या दरबारातून बाहेर पडून मुंबईमार्गे मिरजेस स्थिरावला. म्हैसूरचे आमंत्रण त्यांना वारंवार येई, आणि जाता-येता त्यांचा मुक्काम धारवाडला त्यांच्या बंधूंकडे असे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढे सवाई गंधर्व म्हणून नावाजलेले गायक, त्यांच्या तालमीत आले ते या मुक्कामांच्या आधाराने. म्हैसूरच्या दरबाराने खाँसाहेबांना किताब दिला, तर म्हैसूरच्या वाटेने त्यांना शिष्य दिला. पुढील शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर यांपैकी कोणती देणगी मोठी ठरली, हे सांगावयास नको.

वाटेने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. दक्षिणेच्या सहवासात कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांच्या गळ्यात रुजली. त्यागराजांची रचना त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. दुसऱ्या पद्धतीविषयी असा आदर केवळ ग्रंथवाचनाने येत नाही. १९०४ मध्ये पंडित भातखंडे यांनी दक्षिणेचा प्रवास केला, एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली आणि तेथून शास्त्राचे धन आणले. तो एका जिज्ञासू पंडिताचा प्रवास होता. त्यात प्रश्न होते, टिपणे होती, वादही होते. खाँसाहेबांचा प्रवास पोटासाठी गाणाऱ्याचा होता. त्याने टिपणे केली नाहीत, पण गळ्यात आणले. मराठी संगीतसमीक्षेने पहिल्या प्रवासाची जेवढी दखल घेतली तेवढी दुसऱ्याची घेतली नाही, कारण पहिल्याचा लेखी पुरावा हाती होता.

शास्त्रज्ञांशीही खाँसाहेबांचे संबंध आले, तेही याच टापूत. सांगलीचे कृ. बा. देवल आणि सनदी नोकरीतले ई. क्लेमेंट्स यांच्या श्रुतिविषयक शोधकार्यात त्यांच्या गळ्याची साक्ष काढली गेली. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. शिष्यांना घरी ठेवून शिकवावे, त्यांना बरोबर घेऊन तिकिटे लावून जलसे करावेत आणि त्यावर विद्यालय चालवावे, अशी ती व्यवस्था होती. दरबारी आश्रयाखाली वाढलेला हा गवई तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांपुढे उभा राहिला, याचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. दरबाराच्या मानाला शाश्वती नाही हे त्याने ओळखले होते, आणि श्रोत्यांशी थेट नाते जोडण्याचे धैर्य त्याला गावोगावच्या मुक्कामांनी दिले होते.

भास्करबुवा बखले यांच्या आयुष्यातही धारवाड असेच मधोमध येते. बालपणी किर्लोस्कर नाटकमंडळीत गाजलेले भास्करबुवा आवाज फुटल्यावर विद्येच्या शोधात निघाले आणि फैज महंमद खाँ, नत्थन खाँ व अल्लादिया खाँ अशा तीन वेगवेगळ्या उस्तादांची विद्या त्यांनी मिळवली. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीतशिक्षकाची नोकरी केली. एका सरकारी शिक्षणसंस्थेतील ती साधी नोकरी. परंतु त्या नोकरीमुळे धारवाडच्या शिक्षित समाजात हिंदुस्थानी गाण्याला प्रतिष्ठेचे आसन मिळाले. जो समाज गवयाला घराच्या ओटीवर घेण्यास कचरत होता, त्याच्या मुलांना गवयाने वर्गात बसून शिकवले. नंतर येणाऱ्या प्रत्येक गायकाला या पूर्वतयारीचा लाभ झाला.

मल्लिकार्जुन मन्सूर यांचे उदाहरण त्यानंतरच्या पिढीचे. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा हा मुलगा वामनराव मास्तरांच्या नाटकमंडळीत गात असताना मिरजेचे नीळकंठबुवा अलूरमठ यांनी ऐकला आणि त्याला शिष्य म्हणून मिरजेस नेले. येथे दरबार नाही, किताब नाही. आहे ती फिरती नाटकमंडळी, आणि एका जाणत्या कानाची नेमक्या वेळी झालेली हजेरी. मन्सूर पुढे मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडून जयपूर घराण्याची विद्या शिकले. त्यांची मातृभाषा कन्नड, पहिले गुरुघर मराठी मुलखातले आणि विद्या उत्तरेतून कोल्हापुरास आलेली. इतक्या धाग्यांची गाठ एका माणसात पडते, तेव्हा त्यामागे कित्येक माणसांचे निरोप आणि शब्द खर्ची पडलेले असतात.

४

या मुक्कामांच्या इतिहासात एक मोठी उणीव आहे. गवई कोठे उतरला हे कधी कधी सांगितले जाते. ज्या घरात उतरला त्या घरातील माणसे मात्र बहुधा अनाम राहतात. विशेषतः कलावंत घराण्यांतील स्त्रियांच्या बाबतीत हे घडले आहे. त्यांच्या घरी मैफली होत, जाणकार श्रोते जमत, नव्या गवयाची पारख होई. तरी चरित्रकार ‘तेथे एक बैठक झाली’ एवढेच लिहून पुढे जातो.

या मौनाला छेद देणारी साक्ष गंगूबाई हनगल यांची आहे. १९१३ मध्ये धारवाडला जन्मलेल्या गंगूबाईंच्या आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या गायिका होत्या. अब्दुल करीम खाँ त्यांचे गाणे ऐकण्यासाठी त्यांच्या घरी येत, हे गंगूबाईंनी सांगितले आहे. म्हैसूर दरबारी मान पावलेला उस्ताद धारवाडच्या एका घरात श्रोता म्हणून बसतो, या घटनेत देण्याघेण्याचा क्रम उलटा झालेला आहे. त्या घरी तो पाहुणा होता, आणि शिकणाराही. मुलीला हिंदुस्थानी शिकता यावे म्हणून हे कुटुंब १९२८ मध्ये हुबळीस गेले. मुलीच्या गळ्यावर वेगळा संस्कार होऊ नये म्हणून आईने आपले गाणे आवरते घेतले. एका गायिकेने आपली विद्या बाजूला ठेवून मुलीसाठी दुसऱ्या विद्येची वाट मोकळी केली. घराण्याच्या वंशावळीत अंबाबाईंना जागा नाही, कारण त्या किराणा घराण्याच्या नव्हत्या. परंतु हे घर नसते तर त्या घराण्याची एक थोर गायिका घडली असती का, हा प्रश्न वंशावळीला विचारला पाहिजे.

पुढे गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. गदगचे भीमसेन जोशी त्याच गुरुगृही राहून शिकत होते. म्हैसूरच्या वाटेवरचा एकेकाळचा मुक्काम आता स्वतःच गाठण्याचे ठिकाण झाला होता. कुंदगोळास राजा नव्हता. तेथे नाडिगेरांचा वाडा होता, जाणती माणसे होती आणि एक गुरू होता.

५

येथे एक आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. म्हैसूरची बिदागी नसती तर एवढा प्रवास कोणी केला असता? दरबार नसता तर मुक्काम कोठून आले असते? हा आक्षेप योग्यच आहे. रेल्वेचे भाडे, साथीदारांचा खर्च आणि घरची चूल यांचा भार शेवटी दरबाराच्या बिदागीवरच होता. राजाश्रयाचे महत्त्व येथे नाकारावयाचे नाही. सांगावयाचे एवढेच की, आश्रयाने प्रवासाचा खर्च भागवला आणि संबंध मात्र प्रवासाने जोडले. मानाचे नाते मान देणाऱ्याच्या हयातीपुरते असते. कृष्णराज वडियार १९४० मध्ये निवर्तले, १९४७ नंतर संस्थान विलीन झाले, १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. दरम्यान १९३५ मध्ये म्हैसुरातच प्राध्यापक गोपालस्वामींनी आपल्या घरातून ‘आकाशवाणी’ नावाचे नभोवाणी केंद्र सुरू केले होते. १९५० मध्ये धारवाडलाही केंद्र निघाले, आणि गवयांना नवा आश्रयदाता मिळाला. आश्रयदाते असे बदलत गेले. ओसरीवर जोडलेली नाती मात्र टिकली. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाने जो उत्सव सुरू झाला तो भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने, आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गवई येऊन हजेरी लावू लागले. हे दोन्ही उत्सव कोणत्याही दरबाराने सुरू केलेले नाहीत.

खाँसाहेबांचा अंतही वाटेवरच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता प्रकृती बिघडल्याने ते सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर उतरले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. देह मिरजेस आणला गेला.

हा इतिहास एकसंध लिहिला न जाण्याचे कारण भाषेत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड आणि म्हैसूर प्रथमच एका राज्यात आले, आणि त्याच दिवशी मिरज व धारवाड यांच्यामध्ये राज्याची सीमा उभी राहिली. प्रशासनाच्या दृष्टीने ते युक्त असेल. स्मृतीच्या दृष्टीने मात्र एक वाट दोन दप्तरांत विभागली गेली. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरींनी लिहिलेले अब्दुल करीम खाँ यांचे चरित्र, बी. आर. देवधरांचे ‘थोर संगीतकार’ ही पुस्तके मराठी वाचकाच्या हाती आहेत. वासुदेवाचार्यांचे ‘ना कंड कलाविदरु’, मन्सूर यांचे ‘नन्न रसयात्रे’, गंगूबाईंचे ‘नन्न बदुकिन हाडु’ ही कन्नडमध्ये आहेत. विलायत हुसेन खाँ यांचे ‘संगीतज्ञों के संस्मरण’ हिंदीत आहे. मराठी चरित्रकार मिरजेपासून निघतो आणि धारवाडपाशी त्याचा स्वर मंद होतो; कन्नड आत्मचरित्रकार धारवाडपासून बोलू लागतो आणि मिरज-पुण्याचा उल्लेख गृहीत धरून जातो. एकाच घटनेचे यजमान एका भाषेत आणि पाहुणे दुसऱ्या भाषेत राहिले आहेत.

म्हणून या आठवणींच्या पुस्तकांचा अनुवाद हा केवळ साहित्यिक शिष्टाचार नव्हे. इतिहासलेखनाचे ते एक साधन आहे. दोन्ही भाषांतील वृत्तांत शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर ‘एक बैठक झाली’ या वाक्यातील घर कोणाचे, तानपुरा कोणी जुळवला, पुढच्या गावी निरोप कोणी धाडला, हे काही ठिकाणी तरी कळू शकेल. घराण्याची गायकी गुरूपासून शिष्याकडे जाते हे खरेच आहे. परंतु गुरू आणि शिष्य यांना एका छताखाली आणणारे तिसरे कोणीतरी असते, आणि त्या तिसऱ्याचे नाव शोधणे हे संगीताच्या इतिहासकाराचे राहून गेलेले काम आहे.